ऑक्टाव्हिया आरएसचा एक्झॉस्ट: पॉवर पहिल्या तीन फुटांत आहे

प्रश्न थोडक्यात असा: भुसावळची २०१८ ची ऑक्टाव्हिया आरएस २३०, इंजिन पूर्ण कंपनी स्थितीत. पॉवर वाढवायला एक्झॉस्ट बदलायचा आहे. दोन कोटेशनं आली आहेत. एकात "हेडरपासून शेपटापर्यंत ३ इंची फुल सिस्टीम, कॅट काढून, ४० घोडे वाढतील" असं लिहिलंय (कॅट म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर). दुसऱ्यात फक्त मागचा मफलर काढून सरळ पाइप. कन्नड घाटात पिकअप हवा, पीयूसीला आणि रस्त्यावर कटकट नको. कोणतं घ्यावं?

भाऊ, दोन्ही कागद बाजूला ठेवा. पहिल्यात जी वस्तू लिहिली आहे ती तुमच्या इंजिनाला बसतच नाही, आणि दुसऱ्यात नुसता आवाज आहे.

हेडरचं आधी. हेडर म्हणजे इंजिनाला बोल्टने लावायचा नळ्यांचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. तुमचं इंजिन ईए८८८ च्या तिसऱ्या पिढीचं, दोन लिटरचं. त्यात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड वेगळा बोल्टने लावलेला नसतो. तो सिलिंडर हेडच्या ओतकामातच आहे आणि त्याच्याभोवती कूलंट फिरतं. हेडच्या तोंडावर थेट टर्बो बसतो, एक्झॉस्टच्या गॅसने फिरून इंजिनात हवा कोंबणारा. त्यामुळे या गाडीला "हेडर" विकणाऱ्याने एकतर बॉनेट उघडून पाहिलं नाही, किंवा दुसऱ्या गाडीचं कोटेशन नाव बदलून पाठवलं. गॅरेज पारखायला हा एक प्रश्न पुरतो: "या गाडीचा हेडर कुठे बसेल, दाखवा."

आता पॉवर कुठे अडते ते बघू. टर्बोची टर्बाइन फिरते ती तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबाच्या गुणोत्तरावर. पलीकडचा, म्हणजे डाउनपाइपमधला (टर्बोनंतरच्या पहिल्या पाइपातला) दाब जितका कमी, तितकं त्याच गॅसमधून टर्बाइन जास्त काम काढते आणि बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा दाब, लवकर येतो. "इंजिनाला थोडं बॅकप्रेशर लागतंच" हे वाक्य प्रत्येक साइलेन्सरवाल्याच्या तोंडी असतं. ते टर्बोनंतरच्या पाइपाला लागू नाही. बिनटर्बोच्या इंजिनातही बॅकप्रेशर लागत नाही, तिथे लागतो तो गॅसचा वेग. पाइप गरजेपेक्षा जाड केला की वेग पडतो, खालच्या आरपीएमचा टॉर्क जातो, आणि लोक समजतात की बॅकप्रेशर गेलं म्हणून पिकअप गेला.

पाइप किती जाड हवा, याचा हिशेब करून बघा. २३० घोड्यांवर हे इंजिन सेकंदाला साधारण १९० ग्रॅम गॅस बाहेर टाकतं. टर्बोनंतर तो ७०० अंशांच्या आसपास असतो, म्हणजे आकारमान सुमारे अर्धा घनमीटर दर सेकंदाला. अडीच इंची पाइपाचा, दीड मिलिमीटर जाडी वजा जाता, आतला व्यास ६०.५ मिलिमीटर. त्यात वेग निघतो सेकंदाला १८० मीटर. तीन इंचीत आतला व्यास ७३.२ मिलिमीटर, वेग १२५ मीटरच्या खाली. दाबाचा तोटा वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणून तीन इंचीत तो अडीच इंचीच्या निम्म्याहून कमी होतो. टर्बोच्या तोंडाशी, जिथे गॅस सगळ्यात तापलेला आणि फुगलेला, तिथे तीन इंची घेण्याचं कारण हे. मागे जाता जाता गॅस थंड होतो, आकसतो, वेग आपोआप उतरतो. म्हणून मागच्या भागात अडीच इंचीसुद्धा २५०–२८० घोड्यांपर्यंत निभावते.

आणि हा तोटा कमाल पॉवरचा आहे. तुम्हाला हवा आहे घाट. घाटात इंजिन असतं २००० ते ३५०० वर. कंपनीचा ३५० न्यूटन-मीटर टॉर्क २५०० आरपीएमवर धरला तर पॉवर होते १२५ घोडे, म्हणजे कमाल पॉवरच्या जवळपास निम्मी. गॅस निम्मा, तर दाबाचा तोटा चौथाई. चाळीसगाव सोडून वळणं सुरू झाली की मागचा मफलर आहे की नाही, हे इंजिनाला कळतही नाही. तिथे कामाला येतो तो बूस्ट किती लवकर येतो हा भाग, आणि तो ठरतो पहिल्या तीन फुटांत: टर्बोचं तोंड, डाउनपाइप, कॅट.

पैसे घालण्याआधी मोजा. मोजणं फार सोपं आहे आणि फार कमी लोक करतात. कॅटनंतरचा लॅम्डा सेन्सर, म्हणजे गॅसमधला ऑक्सिजन मोजणारा, काढा (चुडी म्हणजे आटे १८ मिलिमीटर, पिच दीड), त्या जागी तांब्याच्या नळीचं कनेक्टर बसवा. मीटरभर नळी ठेवा, म्हणजे गॅस थंड होऊन गेज जळणार नाही. शेवटी ० ते १ बारचं साधं प्रेशर गेज. वर्कशॉपमध्ये २५०० वर रेस धरून वाचा आणि पूर्ण भाराचं वाचन डायनोवर (चाकं रोलरवर फिरवून पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर) घ्या. हा दाब म्हणजे कॅटनंतरचा सगळा पाइप आणि मफलर मिळून किती अडवतात, त्याचं माप. पूर्ण भारावर, ६००० च्या आसपास, ०.१ बारच्या आत असेल तर मागची सिस्टीम बदलून पॉवरच्या नावाने काही मिळणार नाही. ०.२ च्या वर गेला तर बदलण्यात अर्थ आहे. सेन्सर काढल्यामुळे दिवा लागेल, कोड पुसून टाका.

कॅटच्या आधीचा दाबही बघायचा मोह होईल. पुढच्या सेन्सरच्या जागी गेज लावून बिनभाराचं, २५०० वरचं वाचन चालेल. तिथे ०.२ बारच्या वर काटा गेला तर कॅट आतून तुटलेलं किंवा तुंबलेलं असण्याची दाट शक्यता, मग आधी तेच बघा. पण पुढचा सेन्सर काढलेल्या अवस्थेत बूस्टवर गाडी ओढायची नाही. इंजिन मिश्रण त्याच्यावर ठरवतं, तो नसताना पूर्ण भार दिला तर पिस्टनशी खेळ आहे.

डाउनपाइप घेताना पहिली अट: पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या गाडीचा. याच इंजिनाच्या चारचाकी ड्राइव्हच्या गाड्यांचा डाउनपाइप वेगळ्या वळणाचा असतो, तो दिसायला सारखा आणि बसायला नाही. दुसरी अट: कॅट असलेला. कंपनीच्या कॅटमध्ये दर चौरस इंचाला ४०० ते ६०० छिद्रं असतात. रस्त्यावरच्या गाडीला २०० छिद्रांचं, धातूच्या जाळीचं कॅट बघा, व्यास चार इंच आणि जाळीची लांबी किमान चार इंच. पाइपाच्याच जाडीचं, मुठीएवढं "स्पोर्ट्स कॅट" मिळतं, ते दाखवण्यापुरतं असतं. शंभर छिद्रांच्या कॅटने पॉवर आणखी जेमतेम एखाद-दोन घोडे वाढते आणि पीयूसीचं गणित बिघडतं.

ते गणित असं आहे. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा. २५०० वर कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे नेमकं) ०.९७ ते १.०३. कॅट नसलेल्या इंजिनाचा कच्चा धूर यात सहसा बसत नाही. चांगलं २०० चं कॅट बसतं, पण ते तापलेलं हवं. घरातून निघून दोन मिनिटांत पीयूसीला उभे राहू नका, पंधरा मिनिटं चालवून जा. २०० च्या कॅटनेही काही गाड्यांत पी०४२० हा कोड येतो, अर्थ इतकाच की मागच्या सेन्सरला कॅटचं काम कमी वाटतंय. मॅपमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या, म्हणजे ईसीयूच्या सेटिंगमध्ये) ही तपासणी बंद करता येते, सेन्सरखाली लांब पुंगळी लावूनही दिवा विझवता येतो. दोन्हींनी विझतो तो दिवा. धूर तसाच राहतो.

कोन आणि पायऱ्या बघा. टर्बोच्या तोंडापासून तीन इंचांपर्यंत पाइप फुगताना हळू फुगला पाहिजे, मध्यरेषेपासून ७–८ अंशांनी. एकदम पायरी दिली की गॅस भिंत सोडतो, भोवरे होतात आणि वाढवलेला व्यास वाया जातो. आकसताना इतकं बिघडत नाही. तीन इंची डाउनपाइप कंपनीच्या मागच्या पाइपाला जोडताना दोन-अडीच इंच लांबीचा शंकू पुरतो.

टर्बो आणि डाउनपाइपमध्ये व्ही-बँड क्लॅम्प असतो. बहुतेक गळती इथे होते आणि कारण बहुतेक वेळा एकच: डाउनपाइप मागून रबरी हँगरवर आधी टांगला, मग क्लॅम्पने ओढून तोंड जुळवलं. क्रम उलटा हवा. आधी क्लॅम्प हाताने फिरेल इतपत ढिला, मग मागचे आधार, पाइप कुठेही ताणलेला नाही याची खात्री, आणि शेवटी क्लॅम्प घट्ट. गॅस्केट नवीन. लॅम्डा सेन्सरच्या फक्त चुडीला निकेलचं अँटी-सीझ, टोकाला बोटही लागू द्यायचं नाही, आवळणी ५० न्यूटन-मीटरच्या आसपास. सेन्सरच्या आधी बारीक गळती राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर "मिश्रण पातळ" सांगतो, ईसीयू पेट्रोल वाढवत जातो. ॲव्हरेज पडलं आणि फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली दुरुस्ती) दहा टक्क्यांच्या वर चिकटून राहिला की मॅपला शिव्या देण्याआधी साबणाचं पाणी घ्या. थंड इंजिन चालू करून शेपटावर ओला बोळा धरायचा आणि सांधे बघायचे.

मॅप नसेल तर डाउनपाइप निम्मा वाया. हा ईसीयू टॉर्कचं लक्ष्य ठरवून त्याप्रमाणे बूस्ट देतो. वाट मोकळी केली तरी लक्ष्य तेच, म्हणून नुसत्या डाउनपाइपने बूस्ट जरा लवकर येतो, शेंड्याला थोडं मिळतं आणि बस. उलट, वेळ आणि पैसा कमी असेल तर कंपनीच्या एक्झॉस्टवर फक्त स्टेज-१ मॅप (सुटे भाग न बदलता नुसता ईसीयूचा बदल) हा सगळ्यात स्वस्त घोडा. या टर्बोवर बहुतेक ट्यूनर २८० ते ३०० चे आकडे सांगतात, पण ते ९८ ऑक्टेनवरचे. तुम्ही ज्या पंपावर रोज भरता त्याच पेट्रोलवर मॅप करून घ्या आणि सिलिंडरनिहाय नॉक रिटार्डचा (पेट्रोल अवेळी पेटू नये म्हणून ईसीयू टायमिंग किती मागे घेतो त्याचा) लॉग मागा. एखादा सिलिंडर सतत ३–४ अंश मागे घेत असेल तर मॅप तुमच्या पेट्रोलला जास्त आहे, मग कागदावरचा आकडा काहीही असो. गिअरबॉक्स सहा स्पीडचा ओल्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) आहे, त्याची सोसण्याची मर्यादा ४०० न्यूटन-मीटरच्या आसपास. त्यापुढे टॉर्क मागितला तर त्याचाही मॅप लागतो, आणि तरी पुढची दोन चाकं पावसात दुसऱ्या गिअरला नुसती फिरतील.

आपल्याकडे एक गोष्ट फार फसवते, ती म्हणजे ऊन. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ ला टेकतो आणि डिसेंबरच्या सकाळी १२ पर्यंत उतरतो. या दोन दिवसांच्या हवेच्या घनतेत दहा टक्क्यांचा फरक आहे. टर्बो त्यातला काही भाग भरून काढतो, पण तापलेला इंटरकूलर आणि मागे घेतलेलं टायमिंग तो परत घालवतात. मागच्या सिस्टीमने मिळणारी वाढ असते दोन-चार टक्के. म्हणजे उन्हाळ्यात "आधी" आणि दिवाळीनंतर "नंतर" मोजलं, तर मफलरवर केळीची साल गुंडाळली तरी पॉवर वाढलेली दिसेल. मोजमाप एकाच दिवशी, त्याच तापमानात, त्याच टायर-हवेत. डायनोसाठी पुणे-मुंबई गाठायची नसेल तर ओबीडीवर (गाडीच्या निदानाच्या सॉकेटवर) लॉग करा: तिसरा गिअर मॅन्युअलला धरून २५०० ते ४००० आरपीएम, पूर्ण पेडल, सपाट मोकळा रस्ता, येता-जाता दोन्ही बाजूंनी तीन-तीन वेळा, आणि वेळांची सरासरी. महामार्गाच्या वेगमर्यादेत बसतं आणि तुमच्या घाटाला हीच पट्टी लागते. इनटेक तापमानाचा रकाना लॉगमध्ये हवाच.

इथेच बनवून घ्यायचं असेल तर जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत हात चांगले आहेत, पण साइलेन्सरच्या दुकानात जाऊ नका. अन्नाच्या किंवा दुधाच्या स्टीलच्या टाक्या करणारा टिग वेल्डर शोधा. त्याला पाइपाच्या आतून आर्गॉन सोडण्याची सवय असते. आतून आर्गॉन नसेल तर वेल्डच्या मागे काळा, खरखरीत, साखरेसारखा दाणा येतो. तिथून तडा जातो, आणि तो दाणा गॅसलाही अडवतो. विचारून घ्या की वेल्ड आतून बघता येईल का.

पाइप ३०४ ग्रेडचा, दीड मिलिमीटर जाड. बाजारात "एसएस" म्हणून जो स्वस्त मिळतो तो बहुधा २०२, जिन्याच्या कठड्याचा. चुंबक लावून हे कळत नाही, कारण दोन्हींना चुंबक धरत नाही. दोन्हींचा फरक ओळखायला मॅंगनीजचं टेस्टिंग लिक्विड मिळतं, थेंब टाकला की २०२ रंग बदलतो. गंमत अशी की कंपनीचा मूळ पाइप बहुधा ४०९ असतो, त्याला चुंबक चिकटतो, आणि लोक त्याला "लोखंडी" म्हणून हिणवतात. ३०४ ला ३०४ जोडताना ३०८एल सळई. ३०४ ला साध्या लोखंडाचा किंवा ४०९ चा फ्लॅंज जोडताना ३०९एल.

बेंड बघायला डोळे पुरतात. दुकानातल्या हायड्रॉलिक प्रेसवर वाकवलेला पाइप वळणावर चेपतो, तीन इंची पाइप तिथे अडीचच्याही खाली जातो. मँड्रेल बेंड, म्हणजे आतून आधार देऊन न चेपता वाकवलेले, तयार विकत मिळतात, ९० आणि ४५ अंशांचे, कापून जोडायचे. कोटेशनमध्ये "मँड्रेल" हा शब्द लिहून घ्या.

मग प्रसरण. ३०४ चा दीड मीटर पाइप ५०० अंशांनी तापला की १३ मिलिमीटर लांब होतो. शिवाय इंजिन आपल्या माउंटवर पुढे-मागे डोलतं. या दोन्हींसाठी डाउनपाइपनंतर फ्लेक्स (लवचीक तुकडा) लागतो, सहा इंची, आत इंटरलॉक लायनर असलेला. नुसती जाळीची पुंगळी वर्षभरात सुटते. फ्लेक्स विसरला की तडा जातो तो टर्बोच्या फ्लॅंजला, सगळ्यात महागड्या जागी. हँगर रबरीच ठेवा, पाइप वेल्ड करून बॉडीला बांधू नका. आणि सगळ्यात खालचा बिंदू सबफ्रेमच्या वर राहिला पाहिजे. गावागावांतले गतिरोधक कुणी मोजून बांधलेले नाहीत.

कंपनीचे हीट शील्ड परत लावा. जागा नाही म्हणून ते काढून भंगारात टाकणारे आहेत. उघडं कॅट असलेली गाडी शेताच्या बांधावर वाळल्या पऱ्हाटीवर उभी केली तर काय होईल हे सांगायला नको. डाउनपाइपला कापडी रॅप गुंडाळण्यापेक्षा सिरॅमिक कोटिंग बरं. रॅप पावसाळ्यात पाणी धरतो आणि त्याखाली वेल्ड सडतात.

मागच्या भागाचं थोडक्यात. तो घ्यायचा तर आवाजासाठी घ्या, तसं मान्य करून. सरळ छिद्रांची नळी आणि भोवती काचेची लोकर असा मफलर कमी अडवतो. फक्त सरळ पाइप केला तर महामार्गावर २४०० आरपीएमला घुमी येईल. चार सिलिंडरचं इंजिन त्या वेगाला सेकंदाला ८० स्फोट करतं, आणि ८० हर्ट्झला केबिनचा डबा नेमका साथ देतो. धुळ्याला पोचेपर्यंत डोकं धरतं. कंपनीचा मधला रेझोनेटर (घुमी मारणारा डबा) ठेवा, किंवा एका टोकाला बंद असलेली बाजूची नळी जोडा. लांबी १.३ ते १.५ मीटर, तिच्यातला गॅस किती गरम राहतो त्यावर अवलंबून, म्हणून शेवटचं झाकण आधी सरकतं ठेवून जागा शोधायची आणि मग वेल्ड करायचं.

जुन्या सिटी व्हीटेकसारखं बिनटर्बोचं इंजिन असणाऱ्यांसाठी हिशेब उलटा आहे, तिथे हेडरलाच अर्थ आहे. नळीची लांबी इंचात काढायची ढोबळ रीत: ८५० गुणिले (१८० अधिक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तळबिंदूच्या, म्हणजे पिस्टन सगळ्यात खाली येण्याच्या, आधी जितके अंश उघडतो ते), भागिले जिथे टॉर्क हवा तो आरपीएम, वजा ३. व्हॉल्व्ह ५० अंश आधी उघडत असेल आणि ६००० धरले तर साडेएकोणतीस इंच. ४५०० वर टॉर्क हवा असेल तर चाळीस. बॉनेटखाली चाळीस इंचांच्या चार नळ्या मावत नाहीत, म्हणून रस्त्याच्या गाडीला चार-दोन-एक, म्हणजे चार नळ्या आधी दोनात आणि मग एकात मिळणारा.

कायद्याचं लपवून उपयोग नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही. कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि आवाज-धुराच्या नियमभंगाला कलम १९० खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्ससाठी अपात्र. कॅट असलेला डाउनपाइपही काटेकोरपणे यातून सुटत नाही. विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी वर येतो.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम: आधी गेज लावून मोजणं आणि गळती बघणं, मग कंपनीच्या एक्झॉस्टवरच स्टेज-१ मॅप. दोन-तीन महिने घाटात चालवून आणखी भूक राहिली तरच २०० च्या कॅटचा डाउनपाइप आणि त्याचा मॅप. मागचं कंपनीचंच राहू द्या. काम झाल्यावर ५०० किलोमीटरला क्लॅम्प आणि फ्लॅंज थंड असताना पुन्हा आवळा.

आणि काढलेला जुना डाउनपाइप स्वतः डिकीत घालून घरी आणा. त्यातल्या कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारवाल्यांना त्याचा भाव माहीत आहे, आणि "जुनं राहू द्या इथेच, आम्ही टाकून देऊ" हे प्रेम त्यातूनच येतं. तोंडांना कापड बांधून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना किंवा आरटीओने मूळ स्थितीत आणायला सांगितलं तर तोच लागेल.